आधी किती डबे, आता किती

बलदियाचा मुनशी पहिल्यांदा खालाच्या दारात आला तेव्हा मी आतल्या खोलीत तांदूळ निवडत होते. बलदिया म्हणजे तिथली नगरपालिका. आगीत ज्यांची घरं गेली त्यांची नावं तो एका जाड वहीत लिहून घेत फिरत होता. उंबऱ्याबाहेर उभा राहून त्याने विचारलं, "इस घर में कोई बेघर है?"

खाला पडद्याआडून म्हणाली, "नहीं भाई. सब घर के लोग हैं. थोड़े मेहमान आए हैं, बस."

मुनशीने वही मिटली आणि तो पुढच्या दाराकडे गेला. मेहमान म्हणजे आम्ही. मी, मुलीचे अब्बा आणि आमची अडीच वर्षांची मुलगी. शिवाय आमच्या शेजारच्या भाबी, त्यांचे मालक आणि चार पोरं. आमच्या सगळ्यांची घरं नऊ दिवसांपूर्वी जळून राख झाली होती.

मी आत तांदूळ निवडत राहिले. खाला खोटं बोलली असं मला तेव्हा वाटलंही नाही. आमच्या रत्नागिरीकडच्या मुसलमानांत ज्याला आपल्या छपराखाली घेतलं त्याला बेघर म्हणत नाहीत. तसं म्हटलं तर त्याची लाज काढल्यासारखं होतं. आणि पाहुण्याने तसं म्हटलं तर यजमानाचा अपमान होतो. म्हणून त्या दिवशी दोन्ही बाजूंनी सगळे अदबीने वागले आणि आमचं नाव वहीत आलं नाही.

तेव्हा त्या मुलखाला अमिरात म्हणत नव्हते. आम्ही नुसतं दुबई म्हणायचो, मग माणूस दुबईत असो, शारजात असो की उम्म अल कुवैनला. तिथे आपले रुपयेच चालत. मी मुंबईहून बोटीच्या डेकवर बसून आले. बोट दूर समुद्रात थांबली आणि आम्हाला शिडीवरून पडावात उतरवलं. मुलीचे अब्बा लाँचींच्या सुतारकामावर होते. खाडीच्या काठाला आमच्या गावच्या लोकांच्या झोपड्यांची एक ओळ होती, त्यात आमचीही एक. भिंती खजुराच्या झावळ्यांच्या, छप्पर झावळ्यांचं, जमीन वाळूची. आमच्याकडे नारळाच्या झावळीचे झाप विणतात तसं ते नव्हे. खजुराची झावळी ताठ असते, ती उभी बांधतात. तिच्या फटींतून वारा येई आणि दुपारी बरं वाटे. मला ते घर आवडत होतं.

आग दुपारच्या नमाजानंतर लागली. शमाल म्हणतात तो उत्तरेचा वारा सुटला होता. एका झोपडीतल्या स्टोवरून ठिणगी उडाली एवढंच कळलं. स्टो कोणाचा होता ते विचारायचं नाही असं जाणत्या माणसांनी त्याच दिवशी ठरवलं, आणि मी आजवर विचारलेलं नाही. मी भाकरीचं पीठ मळत होते. ओरडा झाला तशी मी मुलीला कडेवर घेतलं, दुसऱ्या हाताने पिठाची परात उचलली आणि पळाले. कपड्यांची पेटी, लग्नातल्या बांगड्या, सगळं आत राहिलं. अल्लाची मेहरबानी की माणूस एकही गेलं नाही.

वाळूत सगळ्या बाया उभ्या होत्या. कोणी गोधडी आणली होती, कोणी कुराण शरीफ. भाबी माझ्या हातातल्या परातीकडे बघून म्हणाल्या, "काय गो, बांगड्या ठेवून पीठ घेऊन आलीस?"

 मग त्याच म्हणाल्या, "असूं दे. पोरांना भूक तर लागणारच हाय."

संध्याकाळी मगरिबच्या अजानच्या आधी आमच्या गावच्या जमातीने जळलेली घरं आपसात वाटून घेतली. ज्याच्याकडे पक्की खोली होती त्याने एक घर घ्यायचं, मोठी असेल तर दोन. कोणी नाही म्हटलं नाही. जमातीचे मुखिया होते त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांनी उभं राहून नावं घेतली आणि ज्याचं त्याचं माणूस पुढे येऊन आपल्या पाहुण्यांना घेऊन गेलं. आमच्या वाट्याला खाला आली. खाला म्हणजे मावशी, पण ही माझी सख्खी नव्हे. आमच्याच गावच्या वरच्या मोहल्ल्यातली. तिच्या मालकांचं कापडाचं दुकान होतं, मुलगा बापाच्या हाताखाली दुकानात होता. दोन खोल्या, एक अंगण, अंगणात न्हाणी. त्या दिवशी परातीतल्या पिठाच्या भाकऱ्या मी खालाच्या तव्यावर भाजल्या. कोणाला पाव आली, कोणाला अर्धी.

दुसऱ्या दिवसापासून एक खोली आम्हा बायकांची आणि पोरांची झाली. दुसरीत खाला आणि तिचे मालक, म्हणजे आमचे खालू. खालाचा मुलगा आपली गादी उचलून दुकानात निजायला गेला, भाबींचे मालक आणि आमचे लाँचीवर. स्टो एक होता, त्याची पाळी लावली. न्हाणीला पाळी लावली. पोरं रडली की बाकीची पोरं उठत. मला पाचवा महिना चालू होता आणि वास सहन होत नसे. खालाचे गुडघे दुखत, तरी तिने आपला पलंग भाबींच्या लहान दोघांना दिला आणि स्वतः चटईवर निजू लागली. एवढ्या दिवसांत तिच्या तोंडून एक वाकडा शब्द आला नाही. मी पुष्कळ घरं पाहिली आहेत, म्हणून सांगते, ही छोटी गोष्ट नव्हे.

आता पैशांचं. आगीनंतर शेखांच्या दिवाणातून, म्हणजे दरबारातून, आणि काही व्यापाऱ्यांकडून बलदियाकडे मदत आली. त्यातून कब्रस्तानाच्या पलीकडच्या माळावर सिमेंटच्या ठोकळ्यांच्या खोल्या बांधायचं ठरलं. जेवढे पैसे तेवढ्याच खोल्या, म्हणून आधी कोणाला द्यायच्या हा प्रश्न आला. जे उघड्यावर आहेत त्यांना, असं बलदियाने ठरवलं. बलुची लोकांची बरीच घरं जळली होती आणि त्यांना तिथे कोणी नव्हतं. ती माणसं लाँचीच्या जुन्या शिडाच्या कापडाखाली वाळूत राहत होती. त्यातली एक बाई त्या कापडाखालीच बाळंत झाली. मी तिला बघून आले होते. त्यांना आधी मिळालं हे बरोबर झालं. तेव्हाही मला तसंच वाटलं, आजही वाटतं.

पण आमचं काय, हे कोणी विचारलंच नाही, कारण वहीप्रमाणे आमच्यात बेघर कोणी नव्हतंच. चाचांनी स्वतः बलदियात जाऊन सांगितलं होतं की कोकणी लोकांत एकही माणूस बेघर नाही. ते परत आले तेव्हा सगळ्यांना ते ऐकवलं आणि पुरुष मंडळींना अभिमान वाटला. आमच्यांनाही वाटला. "बघ, आपली जमात," असं मला म्हणाले. मी हो म्हटलं.

मला अभिमान वाटला नाही त्याचं कारण पत्रं होती.

मी गावच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले. त्या खोल्यांत वाचता येणारी बाई मी एकटीच. खालाची सून गावी होती. लग्न झाल्यावर ती एकदाच नवऱ्याबरोबर राहिली होती, मग तो इकडे आला आणि मागे मुलगी झाली. मुलीला बापाने पाहिलं नव्हतं. त्याच साली तिला आणायचं ठरलं होतं आणि ज्या खोलीत आम्ही होतो ती खोली तिच्यासाठी होती. हे मला कोणी सांगितलं नाही. भिंतीवर नवा आरसा होता आणि कोनाड्यात लहान मुलीचं कोरं झबलं घडी करून ठेवलेलं होतं, त्यावरून कळलं.

खाला दुपारी माझ्याजवळ बसून सुनेला पत्र लिहायला सांगे. पहिल्या पत्रात तिने सांगितलं, लिही, इथे हवा फार गरम आहे, बाळाला सोसणार नाही, थोडी थांब. मी लिहिलं. सुनेचं उत्तर आलं, मीच वाचून दाखवलं. मुलगी बसायला लागली, तिच्या अब्बांना सांगा. दुसऱ्या पत्रात खालाने सांगितलं, लिही, बोटीला फार गर्दी आहे, पुढच्या महिन्यात बघू. मी तेही लिहिलं. आम्ही आहोत म्हणून जागा नाही, असं खालाने लिहायला सांगितलं नाही. आणि माझ्या हाताने ते आपणहून लिहिलं गेलं नाही. अडचण आमची होती आणि मी कारण हवेचं आणि बोटीचं लिहीत होते.

तिसरं उत्तर आलं त्यात मुलगी धरून उभी राहते असं होतं. त्याखाली एक ओळ होती. "माझ्याकडून काही चूक झाली असेल आणि त्यामुळे मला बोलावत नसाल तर माफ करा." मी वाचताना ती ओळ गाळली. खालाने विचारलं, "आणखी काय म्हणते?" मी म्हटलं, "सगळ्यांना सलाम सांगितलाय."

ते पत्र मी कोनाड्यात झबल्याखाली ठेवलं. 

पाणी तिथे विकत घ्यायचं. गाढवावर रॉकेलचे रिकामे डबे बांधून पाणीवाला दारोदार येई. उंच, काळा, सतत हसणारा माणूस होता. त्याला हिंदी येई. आग लागायच्या आधी खाला तीन डबे घ्यायची. आता नऊ घ्यायची. एके दिवशी सकाळी डबे ओतता ओतता तो म्हणाला, "खाला, अंदर ऊँट बाँधा है क्या?"

खाला म्हणाली, "बाँधा है. तेरे गधे से ज़्यादा पीता है."

"सब हिंदियों के घर में ऊँट आया है," तो म्हणाला. "उधर नीले दरवाज़े वाले भी चार लेते थे, अब दस लेते हैं. मेरा गधा मर जाएगा."

भाबी हसल्या. मी हसले नाही. मी डबे बघत होते. बलदियाच्या वहीत आम्ही नव्हतो, पण गाढवाच्या पाठीवर होतो.

दोन दिवसांनी आमचे जेवायला आले तेव्हा नवी बातमी सांगितली. आणखी पैसे आले होते आणि ते कशावर लावायचे यावर बलदियात बोलणं चाललं होतं. काही म्हणत होते, आणखी थोड्या पक्क्या खोल्या बांधा. काही म्हणत, लाकूड आणि झावळ्या द्या, म्हणजे जास्त लोकांची सोय होईल. चाचांनी सांगितलं होतं की आमच्या लोकांना गरज नाही, दुसऱ्यांना द्या.

मी भात वाढत होते. मी म्हटलं, "चाचांना सांगा ना, आपल्यांनाही हवं हाय."

"कोण सांगणार?" हे म्हणाले. "ज्याच्या घरात राहतो त्याच्या समोर उभं राहून सांगू, आम्हाला घर नाय? खालूंना काय वाटेल?"

"बेघर म्हणायचं नाय," मी म्हटलं. "फक्त पाणी विचारायचं."

त्यांनी जेवण थांबवून माझ्याकडे बघितलं. मी त्यांना पाणीवाल्याचं बोलणं सांगितलं. प्रत्येक घरात जाऊन विचारायचं, आगीच्या आधी पाण्याचे किती डबे लागत आणि आता किती. त्यावरून कुठे किती माणसं दाटली आहेत ते आपोआप कळेल आणि कोणाची लाज जाणार नाही. त्यांनी भाताचा घास कालवला. मग म्हणाले, "पण हे बायकांनाच विचारावं लागेल. मला कोण सांगणार डबे?"

मी घाबरले. मला वाटलं होतं ते करतील. मी गावच्या विहिरीवरसुद्धा कधी चार बायकांत तोंड उघडलं नव्हतं. पण भाबी म्हणाल्या, "चल, मी हाय. तू लिही, मी बोलेन."

आम्ही तीन दिवस सकाळी फिरलो. मी भाबींच्या थोरल्याच्या नव्या पाटीवर लिहून घ्यायचे आणि घरी येऊन कागदावर उतरवायचे. नावं लिहिली नाहीत. निळं दार, कडुनिंबाचं दार, दोन पायऱ्यांचं घर, असं लिहिलं. पुढे आधीचे डबे, मग आताचे.

सगळीकडे सरळ उत्तर मिळालं नाही. एका घरची बाई म्हणाली, "पाहुण्यांचं पाणी मोजतेस? आम्ही पाहुण्यांना मोजून पाजत नाय." भाबी म्हणाल्या, "पाहुण्यांचं नाय गो, गाढवाचं मोजतोय. त्याची कंबर मोडली." ती हसली आणि आकडा सांगितला. दुसरीने विचारलं, "काय, बलदियाने मुकादम केली काय तुला?" मी खाली मान घालून उभी राहिले. तिने माझ्या पोटाकडे बघितलं, बसायला चटई टाकली आणि मग सांगितलं. तिच्याकडे पाच डबे होते, ते बारा झाले होते. तिच्या सासऱ्यांना लकवा होता आणि त्यांची खाट अंगणात आणावी लागली होती, तेही तिने सांगितलं. ते मी विचारलं नव्हतं.

बसल्यावर बायका दुसरंही बोलू लागल्या. सरकारने काय बांधावं यावर पुरुष मशिदीबाहेर बोलत होते, तर यांचंही मत होतं. पक्की खोली सगळ्यांनाच हवी होती. पण एक म्हातारी बाई म्हणाली, "निजायला झावळ्या बऱ्या, हवा येते. भिंत चुलीला पायजे. आग निजलेल्या माणसातून लागत नाय." सगळ्यांना ते पटलं. मी ते कागदाच्या मागे लिहून घेतलं.

कागद घेऊन हे चाचांकडे गेले. मी घरात बसून होते. परत आल्यावर त्यांनी सांगितलं की चाचा आधी रागावले. म्हणाले, "म्हणजे मी बलदियात जाऊन खोटं बोललो?"

"नाय चाचा," हे म्हणाले. "तुम्ही बोललात ते खरंच हाय. आपल्यात बेघर कोणी नाय. फक्त पाणी जास्त लागतं."

चाचांनी कागद उलटा धरला होता. तो सुलटा केला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "माझ्या घरचे किती लिहिलेत?" त्यांच्या घरी सहाचे तेरा झाले होते. त्यांच्या बीबीने स्वतः सांगितलेला आकडा होता. चाचा म्हणाले, "बरोबर हाय. परवा मला अंघोळीला पाणी उरलं नाय."

असा तो कागद बलदियाच्या मुनशीपर्यंत गेला. पण मुनशी हैदराबादकडचा होता, त्याला उर्दू आणि अरबी येई, मराठी नाही. माझं अक्षर तर आमच्यांनाही नीट लागत नसे. म्हणून मुनशीने निरोप दिला की ज्याने लिहिलं त्याने वाचून दाखवावं. ज्याने नव्हे, जिने, असं चाचांनी सांगितल्यावर तो म्हणाला, मी घरी येतो.

खालाच्या ओसरीवर मुनशी, चाचा, खालू आणि आमचे बसले. मी आत पडद्याला लागून बसले. खाला आणि भाबी माझ्या दोन्ही बाजूंना. मी कागद आधी दोनदा उलटासुलटा केला. मुनशी शांतपणे म्हणाला, "बीबी, जल्दी नहीं है. आप पढ़िए, मैं लिखता हूँ."

मी वाचलं. नीला दरवाज़ा, पहले चार, अब दस. नीम वाला, पहले पाँच, अब बारह. त्या घरात लकवा झालेला माणूस बाहेर झोपतो. मुनशीची लेखणी कागदावर चालताना ऐकू येत होती. मधेच तो थांबून म्हणे, "फिर से." मग चुलीच्या भिंतीचं सांगितलं. त्याने विचारलं, "यह किसने कहा?" मी म्हटलं, "सब औरतों ने." तो म्हणाला, "मर्दों ने तो नहीं कहा." चाचा खोकले.

खालाचं घर मी शेवटी ठेवलं होतं. तिथे मी अडखळले आणि हळू आवाजात म्हटलं, पहले तीन, अब नौ.

मुनशीने विचारलं, "सबको एक साथ नहीं मिलेगा. थोड़े पहले, थोड़े बाद में. आप घर-घर गई हैं. बताइए, कहाँ से शुरू करें?"

मी म्हणायला हवं होतं, लकवावाल्या घरापासून. ते मी म्हटलंही. पण त्यानंतर मला गप्प बसता आलं नाही. मी म्हटलं की या घराची सून आमच्यामुळे गावाला अडकली आहे. तिच्या मुलीला बापाने पाहिलं नाही. तिला गरमीचं आणि बोटीचं कारण मीच लिहून पाठवते. आणि तिने लिहिलंय, माझी चूक झाली असेल तर माफ करा. ती ओळ मी वाचून दाखवली नाही.

हे सगळं मी कोणत्या भाषेत बोलले ते मला आठवत नाही. अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत असेल.  खाला माझ्या बाजूची उठली, कोनाड्यातून पत्र घेतलं आणि माझ्या पुढ्यात धरलं. "ती ओळ परत वाच," म्हणाली. मी वाचली. तिने पत्राची घडी केली आणि स्टोकडे जाऊन चहाचं आधण ठेवलं.

मुनशीने चहा घेतला आणि गेला. जाताना खालूंना म्हणाला, "मैंने पहले दिन ग़लत सवाल पूछा था." खालू म्हणाले, "जवाब भी हमने ग़लत दिया, भाई."

खाला माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. माझ्या ताटात मात्र मासळीचा मोठा तुकडा रोजच्यासारखाच पडत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी ती कागद घेऊन आली. "लिही," म्हणाली. "लिही की जागा नाय म्हणून थांबवलंय. घरात पाहुणे हायत. तू काही चुकली नायस. चुकले ती मी. आणि मुलीला म्हणावं, तुझी दादी तुझी वाट बघते." मी लिहीत असताना ती माझ्या हाताकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "यापुढे माझं पत्र अर्धं वाचशील तर बघ."

"नाय वाचणार," मी म्हटलं.

"आणि परक्या माणसासमोर घरातलं बोललीस."

"चुकलं."

"बरं केलंस," असं म्हणून ती उठली.

बलदियाने त्या पैशांतून नव्या पक्क्या खोल्या थोड्याच बांधल्या. त्या आजारी माणसं आणि अगदी लहान पोरं असलेल्या घरांना गेल्या. लकवावाल्या घरातल्या पाहुण्यांना पहिली मिळाली. बाकीच्या पैशांतून दोन घरांत मिळून एक ठोकळ्यांचं चूलघर आणि आजूबाजूला झावळ्यांच्या खोल्या, असं केलं. लाकूड बलदियाने दिलं, उभं करायचं काम आमच्या पुरुषांनी केलं. दोन ओळींच्या मधे पूर्वी माणूस जाईल एवढी गल्ली होती, ती आता गाडी जाईल एवढी सोडली. मुनशी स्वतः दोरी घेऊन अंतर मोजत होता असं हे सांगत. आमची पाळी यायला बराच उशीर झाला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या पुढे जी घरं होती ती मी स्वतः फिरून बघितली होती.

घर तयार झालं तेव्हा माझा मुलगा खालाच्या चटईवर जन्मून आठ दिवस झाले होते. आता निघतो म्हटल्यावर खालाने साफ सांगितलं, चाळीस दिवस झाल्याशिवाय बाळंतिणीला उंबरा ओलांडू देणार नाही. हे म्हणाले, "खाला, तुझ्या सुनेला यायचं हाय." खाला म्हणाली, "तिला मी लिहिलंय. ती समजूतदार हाय. तू मधे बोलू नको." म्हणजे सून आणखी एक महिना माझ्यामुळेच थांबली. पण या वेळी तिला खरं कारण ठाऊक होतं. तिने उत्तरात माझ्या बाळासाठी दुआ लिहिली होती. मी ते पत्र खालाला वरपासून खालपर्यंत वाचून दाखवलं.

पुढे मी तिथे पुष्कळ वर्षं राहिले. मोठमोठ्या इमारती झाल्या, आमची ती ओळ गेली, रुपये गेले. मला आयुष्यात कोणाची मदत मागायला तोंड उघडायचं धैर्य पुन्हा कधी झालं नाही आणि तशी वेळही फारशी आली नाही. त्या मुनशीसाठी, पाणीवाल्यासाठी आणि दुसऱ्यांच्या अंगणात आमच्यासाठी जागा केलेल्या त्या सगळ्या बायांसाठी मी पाच वक्तांच्या नमाजात दुआ मागते. चाचांसाठीही मागते. स्वतःचा शब्द चुकला हे चार माणसांत कबूल करणारे पुरुष मी थोडे पाहिले.

आम्ही खालाच्या घरातून निघालो त्याच्या आदल्या दिवशी मी आणि भाबींनी ती खोली धुतली. भिंतीला चुना लावला. आरसा पुसला. आठ दिवसांनी बोट आली. किनाऱ्यावर खालू आणि मुलगा गेले होते, खाला दारात उभी होती. सून पडावातून भिजून आली होती, उलट्यांनी चेहरा पिवळा पडला होता. मुलीने बापाला बघितलं आणि भोकाड पसरलं. खाला म्हणाली, "रड बाय, रड. तो असाच दिसतो." मी सुनेच्या हातातली गाठोडी घेतली, तिला न्हाणी दाखवली, तिच्या खोलीत गादी घातली आणि पोरीला कोनाड्यातलं झबलं घालायला गेले. ते तिला होईना. ती केव्हाच मोठी झाली होती. सून म्हणाली, "राहू दे ना, तुमच्या बाळाला घाला." मी ते घेतलं. घरी स्टोवर भात ठेवून आले होते, म्हणून फार थांबले नाही.